बैलाच्या पोटातलं तळं

कशफच्या घरी झोपेचाच धंदा. तिचे अब्बा सिराजोद्दीन हसनाबादच्या बाजारगल्लीत गाद्या भरतात. पुढं दुकान, मागं घर आणि मधल्या खोलीत कापूस पिंजायची मशीन. मशीन सुरू झाली की घरभर पांढरं धुकं तरंगतं. भाकरीवर बसतं, पापण्यांवर बसतं. लहानपणी कशफला वाटायचं, आभाळातले ढग आपल्याच मधल्या खोलीतून निघतात, आणि जे पळून जायच्या आत सापडतात ते अब्बा गादीत कोंबून शिवून टाकतात.

अशा घरातल्या पोरीचं डोकं जरा तरंगतंच. पाणी दिसलं की तिचं पाऊल थांबायचं. रांजण, हौद, म्हशीच्या खुरानं पडलेल्या खड्ड्यातलं ओंजळभर पाणी, काहीही चालायचं. ती वाकून बघत बसायची आणि मागून अम्मीची, म्हणजे खैरुनबीची, हाक यायची. खैरुनबीची हाक गल्लीच्या ह्या टोकाला सुरू होते आणि त्या टोकाला संपते, मधल्या सगळ्या घरांतून फिरून जाते. "कशफ गे, पानी देखरी के पानीमे गिररी?" समोरच्या उषाबाई तांदूळ निवडता निवडता तीच हाक त्याच सुरात परत म्हणायच्या, आणि सगळ्या बाया हसायच्या. खैरुनबीसुद्धा.

बारावी झाल्यावर कशफनं तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी.ला नाव घातलं. एस.टी.नं जायचं, एस.टी.नं यायचं. दुसऱ्या वर्षाला पाण्यातल्या जिवांचा विषय आला आणि तो शिकवायला वंदना मॅडम आल्या. मॅडमचं प्रत्येक वाक्य "म्हणजे कसंय बघा" म्हणत निघायचं आणि मध्येच कुठंतरी हरवायचं. मग मॅडम खिडकीबाहेर बघायच्या आणि तिथल्या लिंबाच्या फांदीवर ते सापडल्यासारखं अलगद उचलून आणायच्या. अर्धा वर्ग मॅडमची नक्कल करण्यात तरबेज झाला होता. कशफलाही यायची. पण तास चालू असताना तिचं ध्यान असायचं त्या हरवलेल्या वाक्यांकडं. ती त्यांची वाट बघायची, जशी माणसं स्टँडवर बसून शेवटच्या गाडीची बघतात.

असंच एक वाक्य त्या दिवशी परत आलं. मॅडम सांगत होत्या की उन्हाळ्यात आटणाऱ्या तळ्यांत काही बारके जीव राहतात. पाणी आटायच्या आत ते मातीत अंडी टाकतात आणि मरून जातात. अंडी वाळतात, भेगाळलेल्या मातीत उन्हानं भाजून निघतात, गुरांच्या खुरांखाली येतात, वाऱ्यावर उडतात. मरत मात्र नाहीत. नुसती झोपतात, कितीतरी वर्षं. पुन्हा पाणी आलं की उठतात. त्यातल्या एकाला इंग्रजीत फेअरी श्रिंप म्हणतात, आपण परी-झिंगा म्हणू. काचेसारखा आरपार, नखाएवढा, आणि सगळी दुनिया पालथी पोहत असली तरी हा पोहतो उताणा, पोट आभाळाकडं करून.

"म्हणजे कसंय बघा," मॅडम म्हणाल्या आणि लिंबाकडं बघत राहिल्या. "आपण म्हणतो तळं मेलं. ते मेलेलं नसतं."

कशफ त्या दिवशी एस.टी.त खिडकीशी बसली. रस्त्याच्या कडेचं सगळं वाळलेलं शिवार तिला झोपलेलं दिसायला लागलं. पांघरूण ओढून, कूस बदलत, मधूनच श्वास सोडत.

तिसऱ्या वर्षी दसऱ्याच्या आत प्रत्येकाला एक प्रकल्प द्यायचा होता. बहुतेकांनी लायब्ररीतलं घेतलं. मागच्या वर्षीच्या पोरांचं आणायचं, नाव बदलायचं, वर नवं कव्हर चढवायचं, झालं काम. कशफ उठून म्हणाली की मी म्हसोबाच्या तळ्याची माती उठवणार. वर्ग असा हसला की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले. त्या दिवसापासून पोरं तिला रोज विचारायची, "उठले का गं तुझे कुंभकर्ण?" घरी अब्बांनी ऐकलं, सुई दातात धरली आणि एवढंच बोलले, "हम दुनियाको सुलारे, ये उठाने निकली."

म्हसोबाचं तळं गावाच्या उत्तरेला. दोन उन्हाळे त्यात थेंब नव्हता. मे महिन्यात कशफ मैत्रिणीच्या, अर्पिताच्या, स्कूटीवर मागं बसून तिथं गेली. तळ्याच्या एका अंगाला जेसीबी गाळ उपसत होता आणि ट्रॅक्टर तो वावरात नेऊन टाकत होते. दुसऱ्या अंगाला, जिथं पाणी उथळ असायचं आणि म्हशी डुंबायच्या, तिथली माती अजून तशीच होती, काळी, पापडासारखी कडा वर उचललेली. अर्पितानं ओढणी तोंडाला बांधली आणि विचारलं की आपण नेमकं काय नेऊन राह्यलो. कशफ म्हणाली, "झोपलेली लोकं." अर्पिता म्हणाली, मंग हळू खांद. दोघींनी खुरप्यानं वरवरचे पापुद्रे उचलले, एका बारदान्याच्या पोत्यात भरले, आणि कशफनं ते पोतं स्कूटीवर लेकरासारखं मांडीत घेऊन घरी आणलं. दुसऱ्या दिवशी जेसीबीनं तो कोपराही साफ केला.

पहिल्या खेपेला तिनं अर्धी माती काढली. परातीत घातली, वर पाणी ओतलं. मग विचार केला की झोपलेल्याला कसं उठवतात. घरी झोपलेली म्हणजे फक्त मटकी तिला माहीत होती. रात्रभर भिजलेल्या मटकीला अम्मी फडक्यात बांधून, डब्यात झाकून, अंधारात उबेला ठेवते आणि तिला मोड येतात. तिनं परात लोखंडी कपाटात ठेवली. वरून अब्बांच्या नव्या गादीची पट्टी टाकली. कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यात घातली. रोज उघडून बघायची, रोज नुसतं गढूळ पाणी. नंतर पाण्याला वास आला, नंतर अम्मीला वास आला, नंतर गल्लीला.

तिनं मॅडमला सांगितलं. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, कपाटाचंसुद्धा, गादीचंसुद्धा, आणि हसायच्या जागी तिच्याकडं खूप मायेनं बघितलं. म्हणाल्या, बाई, मटकी मातीत रुजते, हे पाण्यात उठतात. ह्यांना उजेड लागतो. उजेड दिसला की त्यांना कळतं, वर पाणी आहे आणि वर आभाळ आहे. अंधारात त्यांना वाटतं, आपण अजून खालीच आहोत.

म्हणजे उरलेली अर्धी माती हीच आता सगळी आशा. ते पोतं मधल्या खोलीत खुंटीला टांगलेलं होतं. कॉलेजची परीक्षा आटोपली की ते नीट, उजेडात उठवायचं, असं कशफनं ठरवलं. दरम्यान पाऊस झाला, म्हसोबाचं तळं भरलं, ठेकेदारानं त्यात मासळीचं बी सोडलं. मॅडम म्हणाल्या होत्या की आता तळ्यात जाळी टाकून उपयोग नाही. एक तर मासे त्यांना खाऊन टाकतील, आणि काही सापडलं तरी ते ओढ्यातून वाहत आलं का मातीतून उठलं, हे कोण सांगणार? उठलेलं बघायचं तर कोरडी मातीच पाहिजे. ती फक्त खुंटीवर होती. दसऱ्याच्या आत काही दाखवता आलं तर ठीक, नाहीतर कशफलाही लायब्ररीतून काहीतरी उतरवून नवं कव्हर चढवावं लागणार होतं. मॅडमनी ते तिला स्पष्ट सांगितलं होतं, आणि ते वाक्य मध्ये कुठंच हरवलं नव्हतं.

परीक्षा संपवून ती घरी आली त्या दुपारी खुंटी रिकामी होती.

तिनं आधी कपाटात पाहिलं, मग पलंगाखाली, मग कापसाच्या ढिगात. मग अम्मीकडं गेली. खैरुनबी भेंडी चिरत होती. भुजंगआबा आल्ते, असं ती म्हणाली. पोळा जवळ आलेला, आबाला दरसाल बैल करायला तळ्याची माती लागते, आणि तळं तर भरलेलं.

"मिट्टीच तो थी बेटा," खैरुनबी म्हणाली. "इत्ते दिनसे टंगी थी. पडोसका आदमी मांगा, मै बोली लेजाओ."

कशफ तिथंच खाली बसली आणि चिरलेल्या भेंडीच्या चकत्यांकडं बघत राहिली, जणू त्यातच काहीतरी पोहत होतं. खैरुनबीनं विळी बाजूला सरकवली. पोरगी रडली असती तर तिला कळलं असतं काय करायचं. ही अशी गप्प बसली म्हणजे काहीतरी मोठं होतं. तिनं हात पुसले, डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाली, चल, आबाके घर.

भुजंग कुंभार बोलतो तेव्हा शेवटचा शब्द चाकावर ठेवून आणखी एकदा फिरवतो. मायलेकींना दारात बघून त्यानं आधी माती दिल्याबद्दल खैरुनबीचे उपकार मानले. म्हणाला, शेतातल्या मातीचा बैल तडकतो, तडकतो ना. तळ्याच्या मातीचा कसा, अंग म्हशीवाणी गुळगुळीत, गुळगुळीत. मग त्याला कशफचा चेहरा दिसला आणि तो थांबला. खैरुनबीनं काय झालं ते सांगितलं, की त्या मातीत पोरीच्या कॉलेजचं काहीतरी होतं. भुजंगआबानं माती चाळली होती, भिजवली होती, रात्रभर झाकून ठेवली होती, मळली होती. आता ओट्यावर एक शिंगही शिल्लक नव्हतं, पोळा दोन दिवसांवर.

कशफला तोंड उघडायची भीती वाटत होती. तरी तिनं विचारलं, "आबा, भाजले का ते बैल?"

"पोळ्याचा बैल कोण भाजतं गं," भुजंगआबा म्हणाला. "कच्चाच असतो, कच्चा."

तिच्या जिवात जीव आला. मग तिला रात्रभर झाकून ठेवलेल्या मातीचं आठवलं. अंधारात होती. म्हणजे त्यांना वाटलं असेल आपण अजून खालीच आहोत. म्हणजे कदाचित कूस बदलून परत झोपले असतील. आबाला हे काहीच कळलं नाही, पण पोरगी हसली एवढं कळलं, आणि तो आठवून आठवून सांगायला लागला की त्या मातीचे काळे बैल कुणाकुणाकडं गेले. बहुतेक जोड्या राजूरच्या बाजारात गेल्या होत्या. गावात राहिल्या दोनच. एक काकासाहेबांकडं, एक उषाबाईंकडं.

पोळा आला. आता गावात खऱ्या बैलांपेक्षा ट्रॅक्टर जास्त. तरी ज्यांच्या दावणीला बैल नाही त्यांच्या देवघरात मातीचा बैल असतोच. त्याला हळदीकुंकू, झूल म्हणून चिंधी, पुरणपोळीचा नैवेद्य. हसनाबादच्या ह्या गल्लीत तो पाच दिवस देवाजवळ बसतो, मग विहिरीत बोळवतात. कशफ पोळ्याच्या दिवशी गच्चीवरून वाजंत्री ऐकत होती, आणि तिच्या डोळ्यांसमोर सगळ्या गावाच्या देवघरांत छोटी छोटी तळी बसलेली होती, चार पायांवर, शिंगं उभारून.

पोळा झाल्यावर ती काकासाहेबांकडं गेली. काकासाहेब एके काळी सरपंच होते आणि आता एकट्या माणसाशी बोलतानाही समोर मंडप असल्यासारखे बोलतात. "आपल्या गावची लेक," ते म्हणाले, आणि जरा थांबले, टाळ्या पडून जाव्यात म्हणून. विज्ञान, माती, महिला हे तिन्ही विषय घेऊन झाल्यावर त्यांनी जोडी तिच्या हातात दिली. जोडी लालभडक होती. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा रंग उरला होता, तो त्यांनी हौसेनं दोनदा मारला होता, पोटाखालूनसुद्धा. कशफनं घरी येऊन एक बैल पाण्यात सोडला. तो विरघळला नाही. पाण्यावर तेलाचा तवंग आला आणि बैल तळाशी तसाच उभा राहिला, चकचकीत, नव्या ट्रॅक्टरसारखा.

मग उरल्या उषाबाई.

उषाबाई एकट्या राहतात. मुलगा वाळूजला कंपनीत. त्यांच्या प्रत्येक बोलण्याच्या आधी "आता मी काय म्हणते" असतं, आणि त्यानंतर त्या जे म्हणतात ते सहसा बदलत नाहीत. त्यांच्या देवघरात काळी जोडी बसली होती. रंग नव्हता, नुसता शिंगांना चुना आणि वशिंडाला हळद. कशफ उंबऱ्यात बसली. तिनं बैल मागितला.

"आता मी काय म्हणते," उषाबाई म्हणाल्या, "देवाजवळ बसवलेला मधीच उठवता येत न्हाई. पाचव्या दिवशी विहिरीत जाईल. आमच्या दारचा बैल विहिरीतच जातो."

कशफ म्हणाली, पाचव्या दिवशीच द्या, फक्त विहिरीच्या जागी आमच्या टबात सोडा. उषाबाईंनी तिच्याकडं असं बघितलं की जसं कुणी लग्नाला आलेल्या पाहुण्याला मोरीत जेवायला बसवा म्हणतंय. टब म्हणजे धुण्याचा ना, त्यांनी विचारलं. कशफ म्हणाली, हो, पण घासून ठेवते. मग तिनं सगळं सांगितलं, कपाटापासून. तळं कसं झोपतं, मातीत कोण असतं, आबानं माती कशी मळली. विहिरीत मासे आहेत, तिथं गेला तर उठल्या उठल्या त्यांना कुणीतरी खाऊन टाकेल.

"काकू, ह्याच्या पोटात म्हसोबाचं तळं हाय," ती म्हणाली. "त्याला एकदा उठून बघू द्या."

उषाबाई तांदळातला खडा शोधावा तशा जमिनीकडं बघत राहिल्या. म्हसोबाच्या तळ्याचं त्यांना दुसरंच काही आठवलं होतं. त्यांची वरात त्या काठानं आल्ती. पाणी काठोकाठ होतं, गॅसबत्त्या पुढं, आणि सगळी वरात खाली पाण्यातही चालून राह्यली होती, उलटी, पाय वर. नवरीनं मान वर करायची नसते म्हणून त्या खालीच बघत आल्या, आणि त्यांना वाटलं की खरी वरात तीच, पाण्यातली. हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, आज कशफला सांगितलं. सांगण्यासारखं काय आहे त्यात, असंच इतकी वर्षं वाटत होतं.

"उलटी म्हणजे कशी?" कशफनं विचारलं.

"उताणी," उषाबाई म्हणाल्या.

कशफ तिथंच उंबऱ्यावर गोठल्यासारखी झाली. तिनं त्यांना परी-झिंग्याचं पोहणं सांगितलंच नव्हतं.

"आता मी काय म्हणते," उषाबाई उठत म्हणाल्या. "टबात सोडू. पण मी स्वतः येणार. टाकून द्यायचा न्हाई, बोळवायचा."

पाचव्या दिवशी सकाळी सिराजोद्दीनच्या गच्चीवर धुण्याचा पांढरा टब मांडला होता. त्यात पिंपातलं पावसाचं पाणी, अब्बांच्या दुकानातल्या मलमलीतून गाळलेलं. शेजारी एक घमेलं, त्यातही तेच पाणी, पण नुसतं. मॅडमनी तसं ठेवायला सांगितलं होतं. उद्या टबात कुणी उठलं आणि घमेल्यात नाही, तर ते पाण्यातलं नाही, बैलातलं. उषाबाई जोडी ताटात घेऊन जिना चढल्या, मागं खैरुनबी, तिच्या मागं काहीच कारण नसताना भुजंगआबा.

उषाबाईंनी बैलांना ओवाळलं. मग ताटातली शिदोरी उचलली, दहीभाताचा गोळा, बैलाबरोबर पाण्यात द्यायचा असतो तो.  दहीभात पडला तर पाणी दुसऱ्या दिवशी आंबणार. पण काकूला न्हाई कसं म्हणायचं? कशफ एकदा टबाकडं बघायची, एकदा ताटाकडं. खैरुनबीनं ते बघितलं. तिनं पुढं होऊन गोळा उषाबाईंच्या हातातून घेतला आणि पोरीच्या तोंडासमोर धरला.

"ये खाएगी," ती म्हणाली. "बैलका काम इसकूच करना है अब."

उषाबाई आधी बघतच राहिल्या, मग त्यांना हसू आलं, मग भुजंगआबाला. "बराबर हाय, बराबर," तो म्हणाला. कशफनं बैलाची शिदोरी खाल्ली, उभ्या उभ्या. मग उषाबाईंनी दोन्ही बैल हळूच पाण्यात ठेवले.

बैल पाण्यात कसा जातो ते कशफ दिवसभर बघत राहिली. आधी गुडघे जातात. त्यामुळं वाटतं की तो खाली बसला, रवंथ करायला. मग शिंगं झुकतात, मान विरघळते, आणि शेवटपर्यंत वशिंड तेवढं वर राहतं, तळ्यातल्या बेटासारखं. संध्याकाळी तेही गेलं. टबाच्या तळाशी मऊ काळा थर बसला आणि वर पाणी दुधट झालं, ढगाळ, मधल्या खोलीसारखं.

मग काहीच नाही. ऊन यायचं, जायचं. घमेल्यातही काही नाही, टबातही नाही. एस.टी.त पोरं विचारायची, उठले का. अर्पिता त्यांना सांगायची की उठले, तुमचा पत्ता विचारून राह्यले.  दुपारी कशफ दुकानात अर्ध्या भरलेल्या गादीवर आडवी व्हायची आणि मशीनच्या घरघरीत तिचा डोळा लागायचा. एकदा तिला दिसलं की टबातून काळा बैल उठून उभा राहिला, अंगावरून पाणी गळतंय, आणि जिना उतरून, दुकानातून, बाजारगल्लीतून सरळ उत्तरेला निघाला. त्याच्या मागं मागं सगळं गाव.  म्हसोबाचं तळं कोरडं होतं. बैल मधोमध जाऊन बसला, आणि त्याच्या अंगाखालून पाणी पसरायला लागलं.

ती उठली तेव्हा पापण्यांवर कापूस होता.

आणि मग एका सकाळी ती दात घासत गच्चीवर गेली. पाणी निवळलं होतं. कोवळं ऊन तिरपं टबात शिरलं होतं. तळाच्या काळ्या मातीवर, उन्हाच्या त्या पट्ट्यात, पांढरे कण होते. धुळीचे असावेत तसे. पण धूळ खाली बसते, आणि हे उडी मारायचे. थांबायचे, उडी मारायचे. उजेडाकडं. ती ब्रश तोंडात तसाच ठेवून टबाशी बसली. मग आठवण होऊन घमेल्याकडं गेली. घमेल्यात तिचाच चेहरा होता, फेसाळलेला, बाकी काही नाही.

तिनं हाक मारली नाही. तिला वाटलं, मोठ्यानं बोललं तर परत झोपतील.

बाटलीत थोडं पाणी घेऊन ती एस.टी.त बसली. बाटली दोन्ही हातांत धरलेली. कंडक्टरनं विचारलं की एवढं काय जपून राह्यली, औषध का? ती म्हणाली, जनावरं. त्यानं बाटलीत वाकून बघितलं, आणि गंभीरपणे म्हणाला की जनावरांचं अर्धं तिकीट पडतं.

मॅडमनी थेंब काचेवर घेतला, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. तिथं एक इवलंसं अंडाकृती काहीतरी होतं, तीन जोड्या हातांनी पाणी मारत, आणि डोक्याच्या मधोमध एकच डोळा, लाल. तो डोळा फक्त उजेड आणि अंधार एवढंच ओळखतो. "म्हणजे कसंय बघा," मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. लिंबावर काहीच सापडलं नाही. त्यांनी परत डोळा लावला आणि बराच वेळ तशाच राहिल्या, आणि कशफ शेजारी उभी राहून त्या वाक्याची वाट बघत राहिली, आणि ते आलंच नाही तरी तिला चाललं.

टबातली पोरं वाढली. पंधरवड्यात नखाएवढी झाली, काचेसारखी, शेपटीला नारिंगी छटा, आणि सगळी उताणी. पोटावरचे पाय एकामागून एक हलत, जसं वाऱ्यानं गव्हाचं रान हलावं. गल्लीतल्या बाया जिना चढून बघून गेल्या. काकासाहेब येऊन दोन शब्द बोलून गेले. ते दोन शब्द संपेपर्यंत खैरुनबीचा चहा दोनदा झाला. वर्गातली पोरंही एका रविवारी आली. कुंभकर्णाचं नाव त्यानंतर कुणी काढलं नाही, एकजण मात्र सारखा विचारत होता की एखादी बाटलीत देतेस का.

उषाबाई सगळ्यांत शेवटी आल्या, एकट्या. टबाशी बसल्या. गुडघे दुखतात म्हणून त्या कुठंच फार बसत नाहीत, पण तिथं बसल्या. आभाळ पाण्यात पडलं होतं आणि त्या आभाळाखालून ती काचेची वरात चालली होती, पोटं वर, पाय वर, कुणाला घाई नाही. उषाबाईंनी मान खाली घातली, नवरीसारखी.

"अशीच होती," त्या म्हणाल्या.  कशफ खाली जाऊन त्यांच्यासाठी पाणी घेऊन आली तरी त्या तशाच होत्या.

दसऱ्याच्या आत प्रकल्प गेला. त्यात एक रकाना असतो, नमुना कुठून घेतला त्याचा. कशफनं लिहिलं: म्हसोबाचं तळं, मार्फत भुजंग कुंभार, मार्फत उषाबाईंचं देवघर. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चष्मा वर करून विचारलं की ही काय थट्टा आहे का. कशफनं सांगितलं, न्हाई सर, असंच आलंय ते. मग त्यांनी तिला बसायला सांगितलं आणि सगळं ऐकून घेतलं. दहीभातापाशी ते हसले. तो रकाना त्यांनी खोडला नाही.

परी-झिंग्यांचं आयुष्य थोडं. ऑक्टोबरचं ऊन तापलं, टबातलं पाणी बोटबोट खाली गेलं, आणि एकेक करून ते नाहीसे झाले. कशफनं नवं पाणी घातलं नाही. खूप वाटत होतं, पण घातलं नाही. माद्यांच्या पोटाशी अंड्यांची पिशवी तिनं पाहिली होती. आता त्यांना खाली जाऊ द्यायला पाहिजे होतं. एके दिवशी टबाच्या तळाशी फक्त काळा पापुद्रा उरला, कडा वर उचललेला.

दिवाळीच्या आधी खैरुनबी गच्ची झाडायला वर आली. दुकानाच्या खोळी धुवायच्या होत्या, टब पाहिजे होता. तिनं टब उचलला, उपडा करायला तिरपा केला, आणि थांबली. परत खाली ठेवला. जिन्याच्या तोंडाशी येऊन तिनं खाली पाहिलं, कशफ दोरा ओवत होती. खैरुनबीची हाक एरवी गल्लीच्या टोकाला जाते. आज ती जिन्याच्या चार पायऱ्याही उतरली नाही.

"कशफ गे," ती कुजबुजली, "ये मिट्टी है, के कोई सोरा इसमे?"